गोधडीच्या मांडणीसाठी घरातली भिंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे आईच्या आणि सासूबाईंच्या सुती साड्या, मुलांचे लहानपणीचे फ्रॉक आणि यजमानांचे जुने सदरे साठले आहेत. त्यांचे चौकोन कापून दोन गोधड्या शिवायचा विचार आहे. यापूर्वी एक गोधडी शिवली तेव्हा चौकोन पलंगावर मांडून पाहिले होते आणि मांडणी चांगली वाटली होती. पण शिवून झाल्यावर लक्षात आले की सगळे गडद रंग एकाच बाजूला गेले आहेत. भिंतीवर कापड लावून त्यावर तुकडे मांडून पाहतात, असे वाचनात आले. अशी भिंत घरी कशी करावी? घर स्वतःचे आहे आणि मागच्या खोलीतली एक भिंत मोकळी आहे. — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ पलंगावरच्या मांडणीत आहे. पलंगावर किंवा फरशीवर मांडलेली गोधडी आपण एका कडेला उभे राहून तिरकस पाहतो. पायाजवळचे चौकोन डोळ्यांपासून जेमतेम पाच फुटांवर असतात आणि पलीकडच्या टोकाचे नऊ-साडेनऊ फुटांवर, त्यामुळे जवळचे मोठे व ठसठशीत आणि दूरचे आक्रसलेले दिसतात. एखाद्या कोपऱ्यात गडद रंगांची गर्दी झाली आहे, किंवा एकाच साडीचे दोन चौकोन शेजारी-शेजारी आले आहेत, हे अशा पाहण्यातून हमखास निसटते. तीच मांडणी भिंतीवर समोरून दिसते, सगळे चौकोन डोळ्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर राहतात आणि हवे तितके मागे सरकून पाहता येते. शिवाय रात्री झोपण्यासाठी पलंग मोकळा करावा लागत नाही. हा शेवटचा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चांगली मांडणी एका बैठकीत क्वचितच जमते; येता-जाता तिच्यावर नजर पडत राहिली, दोन-चार दिवस एखादा चौकोन इकडचा तिकडे होत राहिला, की ती हळूहळू जागेवर येते.

या भिंतीला गोंद, चिकटपट्टी असे काहीही लागत नाही. लव असलेल्या सुती कापडावर दुसरे सुती कापड तळहाताने दाबले की दोन्हींचे तंतू एकमेकांत अडकतात आणि हलका चौकोन आपोआप टिकून राहतो. यासाठी सर्वांत सोयीचे कापड म्हणजे फलालीन, ज्याला आता बहुतेक दुकानदार फ्लॅनेल म्हणतात आणि जे तान्ह्या बाळांच्या दुपट्यांसाठी व झबल्यांसाठी घेतले जाते. मेन रोडवर किंवा रविवार कारंजाच्या आसपास कापडाच्या दुकानात जाल तेव्हा कापलेले दोन-तीन चौकोन पिशवीत घेऊन जावे. फलालीन उभे धरायला सांगून त्याच्या लवदार बाजूवर आपला चौकोन ठेवावा, तळहात एकदा फिरवावा आणि हात काढावा. चौकोन जागेवर राहिला तर कापड घ्यावे. कोपरा सुटून लोंबू लागला तर लव कमी आहे, मग कापड कितीही मऊ लागले तरी आपल्या उपयोगाचे नाही. ही परीक्षा दुकानदाराच्या शब्दापेक्षा खात्रीची आहे. बाळांच्या फलालीनवर बदके आणि फुगे छापलेले असतात, ते मात्र टाळावे, कारण मागची नक्षी डोळ्यांना सतत ओढत राहते आणि आपल्या चौकोनांचे रंग नीट पारखता येत नाहीत. पांढरे किंवा सायीच्या रंगाचे कापड सहज मिळते आणि ते चालते. फिका राखाडी रंग मिळाला तर मी तोच निवडायला सांगेन, कारण त्यावर अगदी फिकट चौकोनांच्या कडाही उठून दिसतात.

कापड किती घ्यावे हे ठरवण्याआधी एक हिशेब समजून घ्यावा, कारण इथे पुष्कळांची गफलत होते. समजा, आपली तयार गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब व्हायची आहे आणि शिवल्यानंतर प्रत्येक चौकोन ६ इंचांचा दिसायला हवा आहे. म्हणजे आडवे १० आणि उभे १५, असे एकूण १५० चौकोन लागतील. परंतु चारही बाजूंना शिवणीसाठी पाव-पाव इंच सोडायचे असल्याने प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापला जातो. हे न शिवलेले चौकोन भिंतीवर कडेला कड लावून मांडले, तर ते ६० बाय ९० मध्ये मावणार नाहीत; त्यांना ६५ इंच रुंद आणि साडेसत्याण्णव इंच उंच जागा लागेल. चौकोन लहान असतील तर हा फरक आणखी वाढतो. तेव्हा मांडणीची जागा तयार गोधडीच्या मापाची नको, त्याहून थोडी मोठी हवी. आपल्या दोन्ही गोधड्या या मापाच्या असतील, तर ७० इंच रुंद आणि १०० इंच उंच जागा पुरेल. इतकी उंची मिळत नसेल, तर चौकोनांच्या कडा पाव इंच एकमेकांवर चढवून मांडाव्यात. रंगांचा तोल पाहण्यात त्याने काही बिघडत नाही.

फलालीनचा पन्हा ३६ इंचांचा मिळाला तर दोन पट्टे जोडावे लागतील. १०० इंचांची मांडणी, वर-खाली दांड्यासाठीच्या नेफ्याला चार-चार इंच आणि धुतल्यावर आटण्यासाठी थोडी सूट धरली, तर प्रत्येक पट्टा तीन मीटरचा, म्हणजे एकूण सहा मीटर कापड घ्यावे. ते शिवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे. नव्या कापडातली खळ निघून गेली की लव मोकळी होते. शिवाय सुती फलालीन पहिल्या धुण्यात चांगलेच आटते, आणि हे कापड धुळीमुळे पुढे केव्हातरी धुवावे लागणारच आहे. धुताना कापड मऊ करणारे द्रव वापरू नये आणि वाळल्यावर जोर देऊन इस्त्री करू नये, दोन्हींनी लव बसते. दोन पट्टे जोडताना दोघांची लव एकाच दिशेला आहे ना, हे हात फिरवून पाहावे, आणि मागची शिवण दोन्ही बाजूंना उघडून दाबावी, म्हणजे मधोमध उंचवटा राहणार नाही.

आता भिंत प्रत्यक्ष उभी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नुसते टांगलेले कापड. वरच्या आणि खालच्या नेफ्यातून पडद्याचा एक-एक पाइप घालावा, वरचा पाइप नेहमीच्या पडद्यासारखा ब्रॅकेटवर बसवावा आणि खालचा आपल्या वजनाने कापड ताणून धरेल. एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते, आणि पहिल्या गोधडीसाठी याहून अधिक काही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रॅकेटसाठी भोके पाडताना वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक असलेली आणि तरीही विसरली जाणारी गोष्ट पाळावी : स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल चालवू नये, कारण भिंतीत दडवलेल्या तारांचे पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात.

दुसरा मार्ग पक्क्या फळीचा. शाळा-कार्यालयांतल्या सूचनाफलकांत वापरतात तो सॉफ्टबोर्ड ८ बाय ४ फुटांच्या ताव्यात मिळतो, आणि त्यात टाचणी सहज रुतते. हाच त्याचा खरा उपयोग आहे, कारण जड तुकडे, शिवून झालेल्या ओळी किंवा अर्धवट जोडलेले भाग नुसत्या लवेवर टिकत नाहीत, त्यांना टाचणी लागते, आणि मागे नुसती भिंत असेल तर टाचणी रुतायला जागा मिळत नाही. दोन तावे शेजारी-शेजारी उभे बसवले की ८ बाय ८ फुटांची जागा होते. सुताराकडून मागे लाकडी पट्ट्यांची चौकट करून घ्यावी, त्यावर तावे बसवावेत आणि दोन्हींवरून एकच सलग फलालीन ताणावे. इथे पन्ह्याचे तीन पट्टे लागतील. कापड ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यभागी टॅकरने, म्हणजे लाकडात पिना ठोकणाऱ्या हातयंत्राने, एक-एक पिन मारावी आणि मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जात राहावे. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली तर दुसऱ्या कोपऱ्यात चुण्या जमतात आणि चौकोनांच्या ओळी सरळ लागत नाहीत.

पुष्कळ जण सॉफ्टबोर्डऐवजी थर्माकोलचे जाड तावे सुचवतात. ते हलके असतात आणि टाचणीही छान धरतात. तरीही मी ते सुचवणार नाही. थर्माकोल ठिणगीने पेट घेतो, वितळतो आणि त्याचा धूर घातक असतो. देवघरातला दिवा, उदबत्ती आणि इस्त्री ज्या घरात रोजची आहे, तिथे भिंतभर थर्माकोल असू नये. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीसाठीच्या थर्माकोलवर बंदी आहे, ती पर्यावरणाच्या कारणाने. पण घरातल्या आगीचे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

भिंतीइतकेच महत्त्व उजेडाला आहे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट पडत असेल ती भिंत घेऊ नये. मांडणी आठवडाभर राहिली तर जुन्या सुती साड्यांचे रंग आणखी उतरतात. दिवसाचा अप्रत्यक्ष उजेड सर्वांत चांगला. रात्री काम करायचे असेल तर पिवळ्या दिव्याखाली निळा आणि जांभळा यांतला फरक ओळखू येत नाही, हे लक्षात ठेवावे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. तो ४००० ते ५००० च्या दरम्यान असलेला दिवा घ्यावा आणि तो आपल्या पाठीमागे न लावता बाजूला लावावा, नाहीतर आपलीच सावली मांडणीवर पडते.

मांडून झाल्यावर पाहावे कसे, हेही सांगतो, कारण गडद रंग एका बाजूला जाण्याची आपली तक्रार खरे तर इथेच सुटेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल छायाचित्राची सोय असते. तिने मांडणीचे छायाचित्र काढावे. लाल, हिरवा, निळा असे रंग गेले की उरतो तो केवळ गडद-फिक्याचा फरक, आणि गर्दी कुठे झाली आहे ते क्षणात दिसते. आपल्याला रंगाने वेगळे वाटणारे मेंदी आणि डाळिंबी असे दोन चौकोन कृष्णधवल छायाचित्रात अनेकदा अगदी एकसारखे करडे निघतात. त्यांना शेजारी ठेवले तर लांबून एकच मोठा डाग दिसतो. खोली लहान असून मागे सरकायला जागा नसेल तर समोरच्या भिंतीवर आरसा टेकवून ठेवावा आणि मांडणीपाशी उभे राहून आरशात पाहावे. प्रतिबिंब आरशाच्या तितकेच पलीकडे दिसत असल्याने दहा फुटांच्या खोलीत वीस फुटांवरून पाहिल्यासारखी मांडणी दिसते. उजवे-डावे उलटते, पण त्याचाही लाभच होतो, कारण सवयीने न दिसणारा एकांगीपणा उलट्या चित्रात पटकन जाणवतो.

प्रश्न : आम्ही सिडकोत भाड्याच्या घरात राहतो. घरमालक भिंतीला एकही खिळा ठोकू देत नाहीत, आणि मोकळी भिंतही नाही. मांडणीसाठी काही सोय होऊ शकेल का? — एक वाचक, नवीन नाशिक

उत्तर : नक्कीच होईल, आणि त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागेलच असे नाही. घरात लोखंडी कपाट असेल तर त्याचे दार ही तयार भिंत आहे. साधारण साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद एवढी जागा तिथे मिळते. कपाटाच्या मापाचे फलालीन कापून त्याच्या कडा चुंबकांनी दाराला पक्क्या कराव्यात. शिवून झालेल्या ओळी लावतानाही वरून चुंबकच ठेवता येतो, टाचणी लागत नाही. मूठ आणि कुलपाची जागा आड येते, तिथे कापडाला काज पाडून मूठ बाहेर काढावी. एका वेळी गोधडीचा निम्मा भाग मांडता येईल. लहान मुलाच्या गोधडीसाठी तर पूर्ण जागा पुरते.

मोठ्या गोधडीसाठी खिडकीवरचा पडदा काढून त्याच पाइपावर फलालीन टांगता येईल. मात्र खिडकीतून मागून येणारा उजेड चौकोनांतून आरपार दिसतो आणि रंग फसवे दिसतात, त्यामुळे फलालीनच्या मागे जाड चादर लावावी, किंवा मांडणी रात्री दिव्याच्या उजेडात पाहावी. भिंतीला चिकटणारे हूक मी सुचवणार नाही. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवरून ते काढताना रंगाचा पापुद्राही घेऊन येतात, आणि मग घरमालकांशी खिळ्यापेक्षा मोठा वाद होतो.

आपल्यासारख्या घरात खरी अडचण मांडणी करण्याची नसते, ती संध्याकाळी आवरून ठेवण्याची असते. त्यासाठी एक युक्ती आहे. मांडलेल्या चौकोनांवर एक जुनी चादर पसरावी, चादर आणि फलालीन कडेने टाचण्यांनी जोडावेत आणि खालच्या पाइपापासून वरपर्यंत सतरंजी गुंडाळावी तसे सगळे गुंडाळावे. दोन कापडांच्या मधे चौकोन जिथल्या तिथे राहतात. ही गुंडाळी कपाटामागे उभी ठेवता येते, आणि दुसऱ्या दिवशी उलगडली की दोन-चार हललेले चौकोन नीट केले की काम पुढे सुरू. पंखा मात्र मांडताना बंद ठेवावा. जोराचा पंखा लवेवरचे हलके चौकोन हमखास उडवतो.

प्रश्न : आमचे घर पंचवटीतला जुना वाडा आहे. भिंती जाड, मातीच्या आणि चुन्याच्या. पावसाळ्यात ओल येते. अशा भिंतीवर फळी बसवली तर टिकेल का? — एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : फळी टिकणार नाही आणि भिंतीचेही नुकसान होईल. चुन्याच्या गिलाव्यात ड्रिल घातले की भोकाभोवतीचा गिलावा ढेपळासारखा निखळतो आणि प्लग कधीच घट्ट बसत नाही. सॉफ्टबोर्ड लाकडाच्या लगद्याचा असल्याने ओल शोषतो, फुगतो आणि वाकतो. आणि ओलसर भिंतीला टेकलेल्या फलालीनवर महिन्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात, ते पुढे चौकोनांवर उतरतात. आईच्या साडीवर असा डाग पडला तर तो निघत नाही.

वाड्यात याहून चांगली सोय आधीच आहे. माजघरातली तुळई आणि कडीपाटाची लाकडे भक्कम असतात. तुळईला दोन हूक लावून त्यावरून दोरीने पाइप सोडावा आणि फलालीन भिंतीपासून निदान हातभर पुढे, मोकळ्या हवेत टांगावे. दोन्ही बाजूंनी वारा खेळत राहिला की ओल धरत नाही. कापड झुलू नये म्हणून खालचा पाइप जड घ्यावा. जून ते सप्टेंबर या काळात मांडणी दिवसेंदिवस टांगून ठेवू नये. शक्य असेल तर मांडणीचे काम दिवाळीनंतर घ्यावे. नाशिकची कोरडी थंडी या कामाला फार अनुकूल असते, आणि पारा खाली उतरण्याच्या आत गोधडी हाताशी असावी ही निकडही तेव्हा आपसूक लागते. पावसाळ्यात टाचण्या वापरल्याच तर काम थांबवताना काढून ठेवाव्यात. साध्या लोखंडी टाचणीचा गंज सुती कापडावर दोन दिवसांत उमटतो.

प्रश्न : आमच्या सिन्नरकडे बायका जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. त्या कधी भिंतीवर मांडून पाहत नाहीत, तरी त्यांच्या गोधड्या सुंदर असतात. मग या सगळ्या खटाटोपाची गरज काय? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्या गोधड्यांना गरज नाही, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. त्या पद्धतीत लुगड्याचा पदर किंवा धोतराचे पान जमिनीवर अंथरून त्यावर थर रचले जातात, वर ठिगळे बसवली जातात आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवले जातात. जिथे कापड विरलेले असेल तिथे ठिगळ येते, हाताशी जो तुकडा असेल तो लागतो, आणि शिवणारी बाई पुढचा तुकडा मागचा पाहून निवडत जाते. तिचा डोळा अनेक वर्षांच्या कामाने तयार झालेला असतो. तिथे मांडणी आणि शिवण ही दोन वेगळी कामे नाहीत, म्हणून वेगळ्या भिंतीचा प्रश्नच येत नाही.

सारख्या मापाचे शंभर-दीडशे चौकोन आधी कापून मग जोडायचे असतात तेव्हा गोष्ट बदलते. एकदा मशीनवर जोडले की मधला एक चौकोन बदलायला चारही बाजूंच्या शिवणी उसवाव्या लागतात, आणि जुने, विरलेले सुती कापड उसवणे सोसत नाही. सुईच्या भोकांच्या रेषेवरच ते फाटते. या प्रकारच्या कामाला मांडणीची भिंत लागते. हातशिवणीच्या गोधडीसाठी ती आणू नये, असेच मीही सांगेन. एवढेच सुचवतो की आपल्याकडच्या त्या बायका काम करत असताना शेजारी बसून पाहावे, पुढचा तुकडा उचलण्यापूर्वी त्या अंथरलेल्या कापडापासून किती वेळा उठून मागे जातात ते पाहावे.

प्रश्न : येवल्याच्या जुन्या पैठण्यांचे काठ आणि पदर जपून ठेवले आहेत. त्यांचे तुकडे फलालीनवर टिकत नाहीत, घसरतात. काय करावे? — एक वाचक, येवला

उत्तर : रेशमाचा तंतू गुळगुळीत असल्याने तो लवेत अडकत नाही, आणि जरीमुळे तुकड्याला वजनही असते. प्रत्येक तुकड्याच्या मागे त्याच मापाचे मलमलीचे अस्तर कच्च्या टाक्याने लावून घ्यावे. मग फलालीनला सुती बाजू टेकते आणि लहान तुकडे टिकतात. शिवाय पुढे शिवताना जुन्या रेशमावर ताण येत नाही, तो अस्तर घेते, त्यामुळे हे अस्तर नंतर काढू नये. काठाचे लांब तुकडे तरीही घसरतील. त्यांना टाचणी लावायची असेल तर ती फक्त शिवणीसाठी सोडलेल्या पाव इंचात लावावी, कारण रेशमात पडलेले भोक बुजत नाही. जरीचा काठ दुमडून मांडू नये, जुनी जर घडीवर तुटते. आणि ही मांडणी उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली टांगून ठेवू नये. काम नसेल तेव्हा वरून चादर सोडावी.

प्रश्न : मांडणी छान जमते, पण भिंतीवरून चौकोन उचलून मशीनपाशी नेले की क्रम चुकतो. चिठ्ठ्या लावून पाहिल्या, त्या गळून पडतात. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : उचलण्यापूर्वी संपूर्ण मांडणीचे छायाचित्र काढून ठेवावे, हे तर आहेच. पण शिवण्याची रीत बदलली तर चिठ्ठ्यांची गरजच उरत नाही. भिंतीवरच्या पहिल्या दोन उभ्या रांगा घ्याव्यात. दुसऱ्या रांगेतला प्रत्येक चौकोन आपल्या शेजारच्या पहिल्या रांगेतल्या चौकोनावर, सुलट बाजू आत येईल असा, पालथा घालावा. या जोड्या वरपासून खालपर्यंत एकावर एक रचून मशीनपाशी न्याव्यात. सर्वांत वरची जोडी गठ्ठ्याच्याही वरच राहील याकडे लक्ष द्यावे, आणि तिच्या वरच्या कडेला एक टाचणी खोवावी. मग पहिली जोडी उजव्या कडेने शिवावी, आणि दोरा न तोडता, दोन-तीन टाके रिकामे जाऊ देऊन लगेच दुसरी जोडी सुईखाली सरकवावी. पहिल्या उत्तरातली १० बाय १५ चौकोनांची गोधडी धरली, तर अशा पंधराही जोड्या एका लांब माळेत बाहेर येतात. ही माळ तोडू नये. ती तशीच भिंतीवर परत लावावी, टाचणी वर आहे ना हे पाहावे, आणि मग तिसऱ्या रांगेतले चौकोन एकेक करून तिला जोडत जावे. दहाही रांगा जोडून होईपर्यंत आडव्या ओळी एकमेकींना त्या लहानशा दोऱ्यांनी बांधलेल्या राहतात, त्यामुळे कोणतीही ओळ उलटी किंवा वर-खाली होऊच शकत नाही.

शेवटी आडव्या ओळी एकमेकींना जोडताना पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे आणि दुसरीच्या उजवीकडे अशा आळीपाळीने इस्त्री करून वळवाव्यात. मग चार चौकोन जिथे मिळतात तिथे दोन विरुद्ध शिवणी एकमेकींना भिडून बसतात आणि कोपरे हलत नाहीत. या टप्प्यावर जोडलेला भाग बराच जड झालेला असतो. तो फलालीनवर पुन्हा लावून पाहायचा असेल तर वरच्या कडेला दर हातभर अंतरावर टाचणी घ्यावी, आणि टांगलेल्या कापडाचा पाइप दोन ब्रॅकेटवर असेल तर मधोमध तिसरा आधार द्यावा, नाहीतर पाइप वाकतो आणि ओळी मध्यभागी खाली झुकलेल्या दिसतात.